बंदरकाठची तावेर्न : फेणीच्या पेल्यातला चारशे वर्षांचा इतिहास

कोल्हापूर : गोव्याला जाणे ही कोल्हापूरकरांच्या दृष्टीने मोठी सहल नव्हे. शनिवारी दुपारी दुकानाचे शटर ओढले, गाडी काढली आणि आंबोलीचा किंवा तिलारीचा घाट उतरला की सायंकाळी मांडवीचा काठ गाठता येतो. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचे हे अंतर. जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पाय समुद्रकिनाऱ्यावरच्या झगमगत्या बारकडे किंवा मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या जहाजांकडे वळतात. त्याच वाटेवर एखाद्या जुन्या घराच्या तळमजल्यावर, अर्ध्या दाराआड, मंद दिव्याच्या उजेडात एक छोटेसे दुकान उघडे असते. तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोवेकर त्याला 'तावेर्न' म्हणतात. गोव्याचे बंदर, तिथला माड, ब्राझीलहून आलेला काजू, पोर्तुगीज राजवट आणि महाराष्ट्रातील दारूबंदी या साऱ्यांचे धागे या छोट्या खोलीत एकत्र आले आहेत. आज ही खोली हळूहळू मिटू लागली आहे. ती कशी उभी राहिली आणि का मिटते आहे, याचा हा मागोवा.

शब्द आणि वास्तू

'तावेर्न' हा शब्द पोर्तुगीज 'ताव्हेर्ना'वरून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून तिथे त्याचा अर्थ साधी टपरी किंवा दुकान असा होता. इंग्रजीतील 'टॅव्हर्न' त्याच घराण्यातला. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दांचे मराठी माणसाला नवल वाटू नये. पगार, चावी, घमेले, बटाटा आणि लिलाव हे शब्द त्याच गलबतांतून उतरले. दारू साठवण्याच्या मोठ्या लाकडी भांड्याला पोर्तुगीज 'पिपा' म्हणत, त्याचेच आपण 'पिंप' केले.

तावेर्नाची रचना ठरलेली असते. राहत्या घराच्या पुढच्या खोलीत एक लाकडी फळी, तिच्यामागे मालक किंवा मालकीण, भिंतीलगत एकदोन बाके आणि कोपऱ्यात वेताच्या वेष्टणातले काचेचे मोठे बुधले. या बुधल्यांना 'गाराफांव' म्हणतात. फेणी त्यांतच मुरत ठेवली जाते. पेला लहान, त्याला 'कोपो' हे नाव. भिंतीवर एखाद्या संताची तसबीर आणि तिच्यापुढे लहानसा दिवा. बरोबर खायला चणे, खारवलेला मासा, कैरीचे लोणचे किंवा पावात घातलेले चोरीस. अनेक गावांत हेच ठिकाण किराणा मालाचेही दुकान असे. एका बाजूला तांदूळ, मीठ, रॉकेल आणि दुसऱ्या बाजूला पेला, असा संसार एकाच छपराखाली चाले. दुपारच्या जेवणानंतर दार बंद होई आणि उन्हे कलल्यावर पुन्हा उघडे. उधारीची वही असे आणि ती बहुधा मालकाच्या स्मरणशक्तीवर चाले.

बंदरावरच्या तावेर्नाचे महत्त्व मात्र यापेक्षा मोठे होते. पणजीत जुने कस्टम हाउस आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्सचे कार्यालय यांच्या आसपास मांडवीच्या धक्क्यावर होड्या, पडाव आणि बोटी लागत. पलीकडच्या तीरावर बेती. ओरें खाडीच्या काठी फोंतेनासची वस्ती. माल उतरवणारा हमाल, होडीवाला, खलाशी, कचेरीतला कारकून अशी सारी मंडळी दिवस संपला की या अर्ध्या दाराआड येत. बोट कधी सुटणार, मुंबईत कोणाला नोकरी लागली, आफ्रिकेतून कोणाचे पैसे आले, या बातम्या वर्तमानपत्राच्या आधी इथे पोहोचत.

माडापासून सुरुवात

फेणी म्हटले की आज काजू आठवतो. परंतु गोव्यातील मद्याची कहाणी माडापासून सुरू होते. माडाच्या पोगीला छेद देऊन जो रस काढतात ती 'सूर' म्हणजेच माडी. सूर काढणाऱ्या समाजाला गोव्यात 'रेंदेर' म्हणतात. सकाळ-सायंकाळ माडावर चढून मडके उतरवणे हे त्यांचे पिढीजात काम. या सुरेपासून गूळ होतो आणि व्हिनेगरही होते. पूर्वी गोव्यातील पावाचे पीठ सुरेनेच फुगवत असत. हीच सूर आंबवून भट्टीवर चढवली की माडाची फेणी तयार होते.

सोळाव्या शतकात गोवा हे आशियातील पोर्तुगीज व्यापाराचे मुख्य केंद्र बनले. लिस्बनहून निघालेली जहाजे महिनोन् महिने समुद्रात राहून इथे पोहोचत. युरोपातून आणलेली द्राक्षाची दारू महाग पडे आणि उष्ण हवेत ती टिकतही नसे. अशा वेळी खलाशांना आणि शिपायांना परवडणारे मद्य माडानेच पुरवले. १५८० च्या दशकात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चाकरीला असलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन या डच गृहस्थाने आपल्या प्रवासवर्णनात माडापासून निघणाऱ्या या अर्काची सविस्तर नोंद करून ठेवली आहे. पुढे १६७० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर वावरलेला जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मांडवीच्या मुखाजवळच्या नेरूल गावच्या मद्याची वाखाणणी करतो. याच मद्यात लिंबू, साखर, मसाला आणि पाणी मिसळून इंग्रज जे पेय करीत त्याला 'पंच' हे नाव पडले. पाच जिन्नसांचे म्हणून 'पंच', अशी त्याची व्युत्पत्ती सामान्यपणे सांगितली जाते. लंडनच्या पानगृहांत 'गोवा अरॅक' या नावाने हे मद्य ओळखले जाई. याचा अर्थ असा की गोव्याच्या बंदरावरची चव सातासमुद्रापार गेली होती आणि तीही काजूच्या नव्हे, तर माडाच्या पेल्यातून.

ब्राझीलचा पाहुणा

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. तेथील तुपी भाषेतील नाव पोर्तुगीजांनी 'काजू' असे उचलले आणि झाडाबरोबर नावही इकडे आणले. सोळाव्या शतकात आलेले हे झाड कोकणच्या जांभ्या दगडाच्या उतारावर असे रुजले की आज ते परदेशी आहे हे सांगावे लागते. त्याच्या फळाचे म्हणजे बोंडूचे मद्य करण्याची कल्पना माडाच्या भट्टीवर हात बसलेल्या लोकांना सुचली, हे स्वाभाविकच होते.

काजू फेणीची पद्धत आजही साधीच आहे. फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत हंगाम चालतो. बोंडू झाडावरून तोडत नाहीत. ते पिकून आपोआप खाली पडलेले वेचतात, कारण पूर्ण पिकल्याशिवाय त्यात गोडी येत नाही. बी पिळून वेगळी काढली की बोंडू दगडात कोरलेल्या उथळ टाकीत पायांनी तुडवतात. चोथ्याचा गोळा करून त्यावर दगडाचे वजन ठेवले की त्यातून थेंब थेंब गोड रस गळतो. हाच 'नीरो', उन्हाळ्यातील लोकप्रिय पेय. बाकीचा रस दोन-तीन दिवस आंबतो. त्यात पाणी, साखर किंवा यीस्ट घालण्याची परंपरा नाही. आंबलेला रस 'भाण' या भांड्यात तापवतात. पूर्वी ते मातीचे असे, आता बहुधा तांब्याचे असते. वाफ नळीवाटे दुसऱ्या भांड्यात जाते आणि बाहेरून पाणी ओतत राहिल्याने थंड होऊन तिचे मद्य बनते. पहिल्या धारेचे ते 'हुर्राक'. ते सौम्य असते, जास्त दिवस टिकत नाही आणि हंगामातच प्यायले जाते. हुर्राकमध्ये पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा धार काढली की फेणी तयार होते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण ४० ते ४५ टक्के असते. या मद्याचे 'फेणी' हे नाव 'फेन' म्हणजे फेस या शब्दावरून आले, असे मानतात. जोराने ओतल्यावर पेल्यात उठणाऱ्या बुडबुड्यांवरून जुने जाणकार तिची प्रत ओळखत.

गावोगावच्या काजूच्या डोंगरांवर भट्टी लावण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जातो. या लिलावाला गोव्यात 'पावणी' म्हणतात. तावेर्नाचा मालक ठरलेल्या भट्टीवाल्याकडून माल घेई आणि गिऱ्हाईक ठरलेल्या तावेर्नात येई. बाटलीवर नाव नसे. मालकाचा शब्द हाच शिक्का असे.

करार, रेल्वे आणि धक्का

एकोणिसाव्या शतकात या व्यवहारात सरकारचा हात खोलवर शिरला. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि मांडवीच्या धक्क्यावरची वर्दळ वाढली. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. १८८० पासून १८९२ पर्यंत तो अमलात होता. या करारामुळे गोव्यातील मिठावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि मुंबई इलाख्यातील आबकारीच्या धर्तीवर गोव्यातील मद्यावरही कर बसला. सूर काढल्या जाणाऱ्या माडांवरील कराचा बोजा रेंदेरांना पेलवेना. मीठ आणि माड हे सामान्य गोवेकराचे दोन्ही आधार एकाच वेळी महागले आणि अनेकांनी मुंबईची वाट धरली.

त्याच करारातून मुरगाव बंदर आणि तेथून घाट चढून जाणारी रेल्वे उभी राहिली. १८८८ मध्ये ही रेल्वे कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. बंदरात जहाजे वाढली आणि जहाजांबरोबर खलाशीही. मुरगाव आणि वास्को परिसरातील तावेर्नांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक लाभले. गोव्याचा तरुण ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर आचारी, कारभारी आणि वादक म्हणून जाऊ लागला. मुंबईत धोबीतलाव परिसरात या खलाशांसाठी गावांच्या नावाने 'कूड' म्हणजे सामायिक बिऱ्हाडे निघाली. जहाजावरून उतरलेला माणूस आधी मुंबईतल्या कुडात, मग बोटीने पणजीला आणि धक्क्यावर पाय ठेवताच तावेर्नात, असा जणू क्रमच ठरून गेला होता.

दारूबंदीची रेषा

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि १९५० पासून राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. घाटाच्या वर बंदी आणि घाटाखाली पोर्तुगीज गोव्यात मोकळीक, अशी स्थिती निर्माण झाली. परिणाम अपरिहार्य होता. सीमेवरच्या जंगलवाटांनी मद्याची चोरटी वाहतूक सुरू झाली. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केल्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी कडक केली, रेल्वे थांबली आणि ये-जा तुटली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. राजकीय सीमा पुसली गेली, पण मद्यावरील कायद्याची सीमा तशीच राहिली.

महाराष्ट्राने १९६० च्या दशकात बंदी शिथिल केली ती परवान्याच्या वाटेने. 'प्रकृतीसाठी मद्य आवश्यक' अशा भूमिकेतून व्यक्तीला परवाना आणि त्या परवानाधारकाने बसून पिण्याची जागा म्हणजे 'परमिट रूम'. आपल्याकडील शेकडो पाट्यांवर आजही दिसणारा हा शब्द त्या काळाचा अवशेष आहे. परमिट रूम आणि तावेर्न यांतील फरक इथेच कळतो. परमिट रूमचा जन्म बंदीतून झाला. म्हणून तिथे काळोख, पडदे आणि लपण्याची वृत्ती आली. तावेर्न घराच्या ओसरीवर वाढले. तिथे शेजारी, पाद्री, मास्तर आणि मालकाची मुले यांच्या देखत माणूस पीत असे. घरच्यांची नजर हाच तिथला आळा होता.

म्हणून तावेर्नाचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. पगाराच्या दिवशी तावेर्नाच्या दाराशी नवऱ्याची वाट पाहत उभी राहिलेली बाई हेही गोव्यातील गावांचे चित्र आहे. उधारीच्या वहीत कित्येकांची शेते आणि दागिने बुडाले. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे गोव्यात आहेत तशी कोल्हापुरातही आहेत. इतिहास सांगताना ही बाजू झाकता येत नाही.

दार का मिटते आहे?

तावेर्नाच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. पहिले कारण, बंदराचा माणूस गेला. मुंबई-पणजी प्रवासी बोट १९८० च्या दशकाअखेरीस बंद पडली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि धक्क्यावरची गर्दी रेल्वे स्थानकांकडे व बसस्थानकांकडे गेली. २००० नंतर मांडवीत कॅसिनोची जहाजे आली. त्यांच्या गिऱ्हाइकाला कोपोभर फेणीशी कर्तव्य नसते.

दुसरे कारण, मालकांची पुढची पिढी. ती आखातात, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये गेली. दिवसभर फळीमागे बसून थोडक्या रुपयांची विक्री करण्यात तिला रस नाही. मोक्याच्या जागेवरील जुने घर विकले किंवा हॉटेलला दिले तर त्यातून मिळणारी रक्कम तावेर्नाच्या कैक वर्षांच्या कमाईइतकी असते.

तिसरे कारण कायद्याचे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिला. तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला. गोव्यात गावेच महामार्गाच्या कडेने वसलेली असल्याने लहान विक्रेत्यांना त्याचा मोठा फटका बसला. पुढे लहान वस्त्या, पालिका क्षेत्रे आणि नंतर काही ग्रामपंचायती यांना सवलती मिळाल्या. मोठ्या बारमालकांना तोवर तग धरता आला. एका खोलीच्या दुकानांना ते तितके सोपे नव्हते.

चौथे कारण विश्वासाचे. भेसळयुक्त, स्वस्त स्पिरिट मिसळलेल्या मालाने फेणीची पत घालवली. तावेर्नाचा सारा डोलारा मालकाच्या शब्दावर उभा होता. गिऱ्हाईक अनोळखी झाले, मालकही अनोळखी झाला, तेव्हा त्या शब्दाला किंमत उरली नाही.

देशी दारूपासून वारशापर्यंत

उलट दिशेनेही काही हालचाली झाल्या आहेत. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे गोव्यात, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या मद्यालाच हे नाव लावता येते. तथापि कायद्याच्या कागदावर फेणी 'देशी दारू' याच वर्गात होती. या वर्गातील मद्य दुसऱ्या राज्यात नेऊन विकणे जवळपास अशक्य असते. २०१६ मध्ये गोवा सरकारने आबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण जाहीर केले. कांदोळी येथे फेणीला वाहिलेले खासगी संग्रहालयही उभे राहिले आहे. पणजीच्या फोंतेनास भागात जुन्या तावेर्नाच्या धाटणीचे काही छोटे बार तरुण पिढी चालवते आणि तिथे रांग लागते. मद्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ती बहुतांशी आकर्षक बाटलीला मिळाली. अर्ध्या दाराच्या खोलीपर्यंत ती कितपत पोहोचेल, हा प्रश्न उरतोच.

आजरा-चंदगडचा प्रश्न

हा विषय कोल्हापूर जिल्ह्यासाठी केवळ सहलीच्या गप्पांचा नाही. आजरा आणि चंदगड तालुक्यांत काजूच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' यांसारख्या जातींनी इथल्या शेतकऱ्याच्या हाती पैसा आणला. परंतु तो पैसा बीचा. बोंडूचे वजन बीच्या कितीतरी पट असते. झाडावरून पडल्यावर ते दिवसा-दोन दिवसांत नासते. सीमेपलीकडच्या गावात त्याच बोंडूचे हुर्राक आणि फेणी होते. अलीकडच्या गावात ते बहुतांशी झाडाखालीच कुजते.

२०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजू बोंडू, मोहफुले यांसारख्या स्थानिक फळा-फुलांपासून होणाऱ्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात घेण्याचा निर्णय केला. नाव उफराटे वाटले तरी त्यामागील हेतू गोव्याने २०१६ मध्ये साधला तोच आहे. 'देशी'चा शिक्का पुसला की चांगल्या प्रतीचा माल चांगल्या बाजारात जाऊ शकतो. अर्थात 'फेणी' हे नाव आपल्याला वापरता येणार नाही, कारण ते गोव्याचे आहे. शिवाय परवाना आणि यंत्रसामग्री यांचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपेल अशी व्यवस्था झाली नाही, तर फायदा मोठ्या कारखान्यालाच होईल. गोव्यात गावची भट्टी आणि गावची तावेर्न ही साखळी होती, म्हणून बोंडूचा पैसा गावात राहिला. आपल्याकडे गावात दारूचे दुकान नको म्हणून आडवी बाटली करण्यासाठी महिलांनी आंदोलने केली आहेत आणि त्यांच्या अनुभवाला मोल आहे. बोंडूला भाव देताना त्यांचा विचार बाजूला सारता येणार नाही. नीरो, सरबत आणि व्हिनेगर हे मद्याविना असलेले मार्गही त्यासाठीच गांभीर्याने तपासले पाहिजेत.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. गोव्यात स्वस्त मिळाली म्हणून बाटली गाडीत टाकून घाट चढणे हा महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो आणि इन्सुलीसारख्या तपासणी नाक्यांवर अशी कारवाई नेहमी होते. गोव्याची चव गोव्यातच घ्यावी, हे कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे.

पुढच्या खेपेला पणजीत मुक्काम पडला तर सायंकाळी धक्क्यावरून फोंतेनासकडे चालत जावे. एखादे अर्धे दार दिसले तर आत डोकवावे. पेला घ्यावाच असे नाही. नीरोचा हंगाम असेल तर तोही चालेल. फळीमागची व्यक्ती वयस्क असण्याचीच शक्यता अधिक. तिच्याशी दोन शब्द बोलावेत. हे दार एकदा कायमचे मिटले, तर वारशाचा दर्जा देणारा कायदाही ते पुन्हा उघडू शकणार नाही.